वजा तीन

सोहारला, समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पंपांपाशी,
अवसेच्या पहाटे चार सतराला
समुद्र सहाशे पंचावन्न मीटर उंच झाला.
लॉगमध्ये तसं लिहिलंय.

बाहेर तेव्हा इतकी ओहोटी होती
की जाळीखालची कालवं उघडी पडली होती
आणि तीन नंबरचा पंप कोरडा फिरत
आपलं सील जाळत होता.

फोन परकारचा. फिटर, हर्णैचा.
"मॅडम, तुमचा कंट्रोलर अवसे-पुनवेला वेडा होतो.
तीन महिने बघतोय. कुणाला सांगू, हसतील."
मी हसले नाही. अजून पुरती जागी नव्हते.

भरतीपट्टीवर शून्य असतं, कुणीतरी ठरवलेलं:
याच्याखाली पाणी सहसा जात नाही.
सहसा.
त्या रात्री वारा वाळवंटाकडून सुटला
आणि पाणी शून्याखाली गेलं. तीन सेंटिमीटर.
दोन बोटं म्हणा.

सेन्सर खरं बोलला: वजा तीन.
पण एकशे बेचाळिसाव्या ओळीत त्याची गाठ पडली
किमान पातळीशी. ती चाळीस, आणि अनसाइन्ड;
वजा हा शब्द तिच्या कानावरून कधी गेलेला नाही.
आणि सी भाषेतला रिवाज असा
की अशा घरी तुलनेला जायचं
तर आपलं चिन्ह वहाणांसारखं दाराबाहेर काढायचं.

बिट तेच राहतात, सोळाच्या सोळा.
डावीकडचा पहिला, जो इतका वेळ उणे म्हणत होता,
तोच बत्तीस हजार सातशे अडुसष्ट
अधिक म्हणू लागतो, आवाजही न बदलता.
वजा तीनचे झाले पासष्ट हजार पाचशे तेहेतीस.
चाळीसपेक्षा कमी? छे.
मग पंप कशाला थांबवायचा.

कंपायलरने हे सांगितलं होतं, अकरा वर्षांपूर्वीच.
कुणीतरी मेकफाइलमध्ये त्याच्या तोंडात बोळा कोंबला
आणि शेजारी टीप ठेवली: फार बडबडतो.
मी बोळा काढला.
दोनशे अकरा वॉर्निंग.

सगळीकडे कास्ट ठोकून निजावं, असा मोह झाला.
कास्टने तो गप्प होतो, चूक तिथेच राहते.
मग एकेक वाचत बसले.
एका फाइलमध्ये एक लूप उलटा मोजत उतरत होता:
शून्य किंवा जास्त असेपर्यंत चाल.
अनसाइन्ड तो. शून्याच्या खाली पायरीच नाही त्याला,
शून्यावरून पाय टाकला की थेट माथ्यावर.
ती फाइल कुणी चालवत नव्हतं, म्हणून वाचलो.

परकार सुलेमानी घेऊन आला, शेजारी बसला.
कागदी कपावर सोळा चौकटी काढून मी समजावलं.
बराच वेळ तो पहिल्या चौकटीकडे बघत राहिला.
"म्हणजे हर्णैसारखं."
"कसं?"
"एजंटचे दीड लाख फिटायचेत अजून.
पण मी बंदरावर उतरलो की
मशिदीचा पत्रा, मेहुण्याची होडी...
सगळे मला पासष्ट हजारच वाचतात."

दुरुस्ती एका शब्दाची होती.
किमान पातळीला मी चिन्ह दिलं.
तिला स्वतःला ते कधी लागायचं नाही,
चाळीस ती चाळीसच राहील;
पण समोरचा उणा आला तर
तो उणा आहे, एवढं तिला कळावं.

पुनवेला मी जागी राहिले नाही. हिलाल अल मकबालीची पाळी होती.
सकाळी लॉगमध्ये, चार एकतीसला,
दोनच्या आधी एक आडवी रेघ,
झुरळाच्या मिशीएवढी,
आणि पुढे: पंप तीन, थांबवला.

हिलालने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं,
"ही रेघ खरी?"
"खरी."
"आणि बाकीच्या वॉर्निंग?"
एकशे चौऱ्याहत्तर, मी म्हटलं.
तो चहा आणायला उठला. दोन कप.